कुर्ल्याची गाडी आणि वालचंद

आंबा घाट चढताना बॉनेटमधून वाफ निघू लागली, की आपल्याकडच्या जुन्या ड्रायव्हरांना फार विचार करावा लागत नसे. गाडी कडेला घ्यायची, मागच्या चाकाला दगड लावायचा आणि आधी फॅनबेल्ट पाहायचा. पट्टा तुटलेला असे, नाहीतर सैल पडलेला. इंजिन धडधाकट, पेट्रोल पुरेसे, टायरही बरे. पण हातभर रबरी पट्ट्यावाचून सारे कुटुंब सामानासकट रस्त्यावर. रत्नागिरीहून कोल्हापूरला जाणाऱ्या दोन पिढ्यांनी हा अनुभव घेतला आहे.

मोटारीविषयी बोलताना आपण नेहमी इंजिनाचे कौतुक करतो. पण इंजिन एकटे काही करू शकत नाही. त्याच्या तोंडाशी एक पुली असते. तिच्यावरून गेलेला पट्टा पाण्याचा पंप फिरवतो, पंखा फिरवतो आणि बॅटरी भरणारा डायनमोही फिरवतो. हा डायनमो इंजिनाच्या अंगाला धरून ठेवते ती लोखंडी ब्रॅकेट. घरातले पायाचे शिलाई मशीन आठवा. खाली मोठे चाक, वर लहान चाक, मध्ये चामड्याचा पट्टा. खालचे चाक एकदा फिरले की वरचे कितीतरी वेळा फिरते. मोटारीतही हिशेब तोच. इंजिनाची पुली सहा इंचांची आणि डायनमोची तीन इंचांची असेल, तर डायनमो इंजिनाच्या दुप्पट वेगाने फिरणार. शिवाय या सर्व पुल्या एका रेषेत असाव्या लागतात. ब्रॅकेट जरा आत-बाहेर झाली, तर पट्टा आधी किंचाळतो, मग त्याची कड झिजते आणि एखाद्या चढणीवर तो उडून पडतो. पिठाच्या गिरणीत पट्टा उतरताना ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

अमेरिकेत जुन्या गाड्यांचे शौकीन या ब्रॅकेटी आणि पुल्यांवर महिनोन् महिने घालवतात. १९६० च्या दशकात तिकडे दांडग्या इंजिनांच्या गाड्या निघाल्या. त्यांना मसल कार म्हणतात. डॉज कंपनीची चार्जर १९६६ ची, प्लिमथची रोड रनर १९६८ ची. अशा गाडीचा पंप बदलला की त्याला जुनी ब्रॅकेट बसत नाही. ब्रॅकेट बदलावी तर पुलीची खोली जुळत नाही. पुली बदलावी तर पट्ट्याची लांबी चुकते. एका सालाचा एक भाग दुसऱ्या सालाच्या भागाशी फटकून वागतो. म्हणून हे लोक कुठल्या सालच्या कुठल्या गाडीची ब्रॅकेट कशाला लागते याची कुळकथा पाठ करून ठेवतात.

डॉज आणि प्लिमथ ही दोन्ही क्रायस्लर कंपनीची अपत्ये. आणि ही दोन नावे आपल्याला परकी नाहीत. मसल कारचा जमाना यायच्या वीस वर्षे आधी, १९४७ साली, याच नावांच्या गाड्या मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडू लागल्या होत्या. हा कारखाना उभा केला तो सोलापूरच्या एका माणसाने. वालचंद हिराचंद हे त्याचे नाव. सांगलीचे इंजिनियरिंग कॉलेज आणि इंदापूरजवळचे वालचंदनगर यांमुळे ते सर्वांच्या तोंडी आहे; पण गाडीसाठी त्यांनी काय सोसले ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा. घराणे मूळचे गुजरातेतले, दिगंबर जैन, पण सोलापुरात रुजलेले. घरात कापसाचा व्यापार आणि सावकारी पेढी. आई अगदी तान्हेपणी गेली. पुढे मुंबईत आणि पुण्यात कॉलेजात जाऊन पाहिले, पण पदवीपर्यंत मन रमले नाही. पेढीवर बसून व्याज मोजणे हे तर त्यांच्या स्वभावातच नव्हते. पैशातून पैसा निघतो हे त्यांना ठाऊक होते. त्यांना पैशातून वस्तू निघालेली पाहायची होती.

१९०३ च्या सुमारास त्यांची गाठ लक्ष्मणराव फाटक यांच्याशी पडली. फाटक हे रेल्वेतले कारकून, नोकरी सोडून ठेकेदारीत शिरू पाहणारे. त्यांच्याकडे कामाची माहिती होती, भांडवल नव्हते. वालचंदांकडे घरचे भांडवल होते, कामाची माहिती नव्हती. दोघांनी मिळून बार्शी लाइट रेल्वेचे काम घेतले. एका व्यापारी घरचा मुलगा माती-मुरुमाच्या ढिगावर उभा राहून मजुरांची हजेरी घेतो, हे घरच्यांना रुचण्यासारखे नव्हते. पण पुढची वीस-पंचवीस वर्षे या माणसाने रूळ, पूल आणि बोगदे यांवरच काढली. बोरघाटातून रेल्वेने जाताना आपण जे बोगदे मोजतो, त्यांच्या कामातही त्यांच्या कंपनीचा हात होता.

ठेकेदारीने त्यांना एक गोष्ट शिकवली. काम कितीही मोठे असो, ते अडते लहान वस्तूपाशी. एक खिळा, एक नट, एक झडप विलायतेहून यायची राहिली की शेकडो माणसे बसून राहतात. आणि ती वस्तू कधी पाठवायची हे पाठवणाऱ्याच्या हातात असते. पुढच्या आयुष्यात त्यांनी जे जे केले, त्याच्या मुळाशी मला हाच धडा दिसतो.

१९१९ साली त्यांनी जहाजाच्या धंद्यात उडी घेतली. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडे एक जुने जहाज होते. महायुद्धात ते इस्पितळ म्हणून वापरले गेले होते. त्याचे नाव लॉयल्टी. नरोत्तम मोरारजी आदी मंडळींना बरोबर घेऊन वालचंदांनी ते विकत घेतले आणि त्यातून सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाले. आजही तो दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो.

मी आयुष्यभर बँकेत कर्जाचे अर्ज तपासले. त्या नजरेने पाहिले तर हा व्यवहार मंजूर होण्यासारखा नव्हता. जहाज जुने, खर्च अफाट, आणि समोर इंग्रजी कंपन्या बंदरांपासून विम्यापर्यंत सगळीकडे पाय रोवून बसलेल्या. त्यांनी भाडी इतकी उतरवली की नव्या कंपनीने गुदमरून जावे. लॉयल्टीने फायदा दिला नाही आणि चार वर्षांतच ते भंगारात गेले. पण कंपनी तगली. हट्टी माणसाच्या हातात तोट्यातला व्यवहारही कधी कधी पाया ठरतो. बँकेच्या फॉर्मात मात्र त्यासाठी रकाना नसतो.

मोटारीची गोष्ट यानंतरची. तेव्हा हिंदुस्थानात मोटारी तयार होत नव्हत्या, जोडल्या जात होत्या. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत जोडणी सुरू केली होती. पाठोपाठ फोर्ड आली. अमेरिकेहून पेट्यांतून सुटे भाग यायचे, इथे ते नटबोल्टांनी एकत्र केले जायचे आणि गाडी बाहेर पडायची. कामगार इथले, रस्ते इथले, गिऱ्हाईक इथले. पण गाडीतला एकही महत्त्वाचा भाग इथला नव्हता. ब्रॅकेट मोडली तर ती पुन्हा बोटीनेच यायची.

गाडी इथेच घडली पाहिजे, असे म्हणणारे पहिले मोठे नाव सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे. म्हैसूरचे हे माजी दिवाण सत्तरी ओलांडल्यावर परदेशी जाऊन मोटारीचे कारखाने पाहून आले आणि १९३० च्या दशकात त्यांनी मुंबई इलाख्यासाठी कारखान्याची योजना तयार केली. वालचंद तिच्यामागे उभे राहिले. त्या वेळी मुंबईत काँग्रेसचे मंत्रिमंडळ होते आणि मुख्यमंत्री होते बाळासाहेब खेर. आपल्या रत्नागिरीतच जन्मलेले खेर या योजनेला अनुकूल होते. १९३९ साली वालचंद बोलणी करायला अमेरिकेला गेले. फोर्डशी जमले नाही. क्रायस्लरशी मात्र जमले आणि १९४० मध्ये करार झाला.

पण तोवर दैव फिरले होते. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले आणि देशाला न विचारता युद्धात ओढल्याच्या निषेधार्थ काँग्रेसची मंत्रिमंडळे बाहेर पडली. खेरांचे सरकार गेले. उरले ते दिल्लीतले इंग्रज सरकार. त्याने मोटारीच्या कारखान्याला युद्धोपयोगी उद्योग म्हणून मान्यता दिली नाही. मान्यता नाही म्हणून यंत्रे आणायला परवानगी नाही आणि डॉलरही नाहीत. लष्कराला हजारो गाड्या हव्या होत्या, त्या परदेशातून येत राहिल्या. करार खिशात, जागेचा विचार झालेला, माणसे तयार, आणि कारखाना मात्र कागदावर. तरुण माणसालाही हे जड गेले असते. वालचंद तेव्हा साठीकडे झुकले होते.

त्याच अमेरिकेच्या फेरीत आणखी एक घटना घडली. परतीच्या प्रवासात विमानात त्यांची ओळख विल्यम पॉली या अमेरिकन गृहस्थाशी झाली. हे गृहस्थ चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवीत होते. मोटारीसाठी गेलेले वालचंद विमानाचा विचार घेऊन आले. म्हैसूर सरकारची साथ मिळाली आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. युद्ध अंगावर आल्यामुळे विमानाला सरकारची संमती मिळाली. पण १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन कारखाना स्वतःकडे घेतला. आजची हिंदुस्थान एअरोनॉटिक्स ती हीच. जहाजबांधणीचा कारखाना विशाखापट्टणला. त्याची कोनशिला जून १९४१ मध्ये राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसली आणि पुढच्याच एप्रिलात तिथे जपानी बाँब पडले. त्या गोदीत बांधलेले जल उषा हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले ते १४ मार्च १९४८ रोजी. काही वर्षांत ती गोदीही सरकारकडे गेली.

एकाच वेळी विमान, जहाज आणि मोटार! या माणसाचा आवाका मोठा होता हे खरे, पण त्याने एकदम फार अंगावर घेतले हेही खरे. भांडवल विभागले गेले, लक्ष विभागले गेले, आणि सरकारदरबारी भांडणे तीन आघाड्यांवर चालू राहिली. त्यांच्या चरित्राकडे आदराने पाहणाऱ्यानेही ही गोष्ट झाकू नये.

अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी रीतसर स्थापन झाली. तोपर्यंत बिर्लांची हिंदुस्थान मोटर्सही उभी राहिली होती. कुर्ल्याला कारखाना उभा राहिला आणि १९४७ साली, स्वातंत्र्याच्याच वर्षी, गाड्या बाहेर पडल्या. डॉज, प्लिमथ, डिसोटो ही नावे आणि त्याच जातीचे ट्रक. सुरुवात इथेही जोडणीनेच झाली, कारण दुसरा मार्गच नव्हता. वालचंदांच्या टीकाकारांनी यावर बोट ठेवले असणार. मग परदेशी कंपनीच्या जोडणीत आणि याच्या जोडणीत फरक तो काय?

फरक होता तो पुढच्या पायरीचा. परदेशी कंपनीला पेट्या विकायच्या होत्या. पेटीतून जितके भाग कमी येतील तितका तिचा धंदा कमी. कुर्ल्याचा हिशेब उलटा होता. पेटीतला एकेक भाग काढायचा आणि त्या जागी इथला बसवायचा. हे काम बोलायला सोपे आहे. इंजिनाचा ठोकळा ओतणे ही फार पुढची मजल. सुरुवात होते ती सोप्या भागांपासून, म्हणजे पत्र्याचे काम, नळ्या, पट्ट्या, ब्रॅकेटी यांपासून. आणि सोपी म्हटलेली ब्रॅकेटही फसवते. आकार बरोबर असून भागत नाही. भोके नेमकी त्याच अंतरावर हवीत, लोखंड थरथरीने तडकणारे नसावे, आणि हजारावी ब्रॅकेट पहिलीसारखीच निघावी. पहिली एक वस्तू कुठलाही हुशार लोहार करील. हजारावी तशीच काढायला कारखाना लागतो, मापे लागतात, आणि रोज तीच गोष्ट नीट करण्याची शिस्त लागते. देश यंत्राच्या बाबतीत शहाणा होतो तो अशा ठिकाणी.

हे सारे पूर्ण झालेले पाहणे वालचंदांच्या नशिबी नव्हते. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. पुढच्या वर्षी त्यांनी कामातून अंग काढून घेतले आणि व्याप धाकट्या भावांवर सोपवला. आयुष्यभर आगगाडी, बोट आणि विमान यांत फिरणारा माणूस अंथरुणाला खिळला. पत्नी कस्तुरबाईंनी त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूर येथे ते गेले. लॉयल्टीच्या पहिल्या सफरीला तीन दिवसांपूर्वीच चौतीस वर्षे झाली होती.

आणि योग असा, की ज्या गोष्टीसाठी ते झगडले ती सरकारी धोरण म्हणून आली तीही १९५३ मध्येच. टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने ठरवले, की ज्यांच्यापाशी इथे गाडी घडवण्याचा कार्यक्रम नाही अशांनी नुसती जोडणी बंद करावी. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. कुर्ल्याचा कारखाना राहिला. इटलीच्या फियाटशी करार होऊन १९५४ पासून फियाट ११०० तिथे तयार होऊ लागली आणि वर्षागणिक तिच्यातले परदेशी भाग कमी होत गेले. हीच गाडी पुढे १९७० च्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली.

वालचंदांच्या झगड्याचे फळ आपल्यापर्यंत कसे पोचले ते मी बँकेच्या टेबलावरून पाहिले. बँकांचे राष्ट्रीयीकरण १९६९ मध्ये झाल्यावर टॅक्सीसाठी कर्ज मागणारी साधी माणसे आमच्याकडे येऊ लागली. गाडी बँकेकडे तारण राहायची. तारणाची किंमत ठरवताना पुस्तकात लिहिलेले अनेक नियम असत, पण अनुभवी शाखाधिकारी एक प्रश्न हमखास विचारी. या गाडीचे सामान जवळपास मिळते का? ज्या गाडीची पुली चिपळुणात किंवा कोल्हापुरात मिळते, ती गाडी महिनाभर उभी राहत नाही. गाडी उभी राहिली नाही तर हप्ताही थांबत नाही. सुटा भाग मिळणे ही केवळ यंत्राची बाब नसून एका कुटुंबाच्या चुलीची बाब आहे, हे तिथे कळे.

आपल्या मिस्त्री मंडळींनी तर याच्या पुढची मजल मारली. पेट्रोल महागले तशी जुन्या अमेरिकन गाड्यांची मोठी इंजिने परवडेनात. मग देशभरच्या गॅरेजांत त्यांच्या पोटात डिझेल इंजिने बसवली गेली. नव्या इंजिनाला जुना पंखा रेडिएटरवर घासे, डायनमो भलत्याच बाजूला येई. मग जाड पट्टी कापून ब्रॅकेट करायची, लेथवर पुली उतरवायची, वॉशर घालून ती सुतात आणायची. डोळा बारीक करून, पुल्यांवर दोरी धरून रेषा पाहणारा मिस्त्री कुठल्याही गावात आढळे. जे अमेरिकेत हौस म्हणून करतात ते आपल्याकडे पोटासाठी केले गेले. अमेरिकेतल्या हौशी माणसाला आपल्या मिस्त्रीच्या हाताखाली उभे केले असते तर दोघांचे भाषेवाचून जमले असते.

या कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. परकी स्पर्धा नाहीशी झाली तशी देशी कारखान्यांना सुस्ती आली. गाडीसाठी गिऱ्हाइकाने पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहायची, आणि हाती यायची ती मूळ नमुना पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा असलेली गाडी. १९८३ मध्ये मारुती आली तेव्हा लोक तिकडे धावले यात नवल नव्हते. पद्मिनीचे उत्पादन शतक सरता सरता थांबले आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून उतरली. अमेरिकेतही प्लिमथ हे नाव २००१ मध्येच संपले होते. वालचंदांनी मागितले होते ते इथे घडवण्याचा हक्क. त्या हक्काबरोबर सतत सुधारत राहण्याची जबाबदारीही येते, आणि ती पुढच्यांनी पुरी केली नाही.

तरीही उरले ते थोडे नाही. एक कारखाना भाग मागतो तेव्हा त्याच्याभोवती भाग करणारे शंभर लहान कारखाने उभे राहतात. पट्टा कोणी करतो, पुली कोणी करतो, बेअरिंग कोणी करतो. आज पुण्याच्या आसपास किंवा कोल्हापूरच्या फाउंड्रींत जे भाग तयार होतात, त्यांतले कितीतरी परदेशी गाड्यांना लागतात. बोटीतून पेट्या येत होत्या, आता पेट्या जातात. वालचंदांना हे पाहून काय वाटले असते याची कल्पना ज्याने त्याने करावी.

सांगलीचे इंजिनियरिंग कॉलेज १९४७ साली सुरू झाले, म्हणजे कुर्ल्याची पहिली गाडी निघाली त्याच वर्षी. १९५५ मध्ये त्याला वालचंदांचे नाव देण्यात आले. आपल्या जिल्ह्यातली मुले दरवर्षी आंबा घाट चढून तिथे शिकायला जातात. वर्कशॉपच्या पहिल्या तासांना त्यांना लोखंडाचा एक चौकोनी तुकडा देतात आणि कानशीने घासून तो काटकोनात आणायला सांगतात. मुले कंटाळतात, हातांना फोड येतात, आणि हे कशासाठी असे त्यांना वाटते. पालकांनी त्यांना खुशाल सांगावे, की ज्या माणसाचे नाव तुमच्या कॉलेजच्या फाटकावर आहे, तो अशाच एका तुकड्यासाठी सरकारशी भांडला होता.